मागची भिंत

ही बातमी मी कधी दिली नाही. घरीसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नारायणगावात वार्ताहर होतो. एका संध्याकाळी वादळ झालं आणि निरगुडसरकडच्या एका वस्तीवरचं चर्च पडलं. फोनवर एवढंच कळलं. जायला हवं होतं, नाही का? पण फॅक्सची वेळ होत आली होती, जीप मिळत नव्हती — नाही, जीप होत्या. मी गेलो नाही. बसल्या जागी लिहिलं : ‘जीर्ण चर्च कोसळले’.

जीर्ण. पडझडीच्या बातमीत हा शब्द आम्ही सवयीनं घालायचो. मथळा भरायचा.

चर्चचा विमा होता. त्यातून ते पुन्हा उभं राहणार होतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर माझ्या बातमीचं कात्रण घेऊन आला. इमारत आधीच मोडकळीला आलेली असेल तर वादळाची भरपाई देता येत नाही, म्हणाला. तुम्ही ती स्वतः पाहिली होती का? — काय अवघड होतं ‘नाही’ म्हणायला? पण न बघता लिहितो, असं माझं नाव झालं असतं. मी हो म्हणालो. भिंतीला तडा होता, असंही वर सांगितलं.

दावा नामंजूर झाला.

मग शांतवनभाऊ आले. चर्चची देखभाल त्यांच्याकडे असायची. मला वाटलं, भांडतील. ते खुर्चीच्या टोकावर बसले.

“भाऊ, समदी मलाच इचारत्यात, तुला कसं दिसलं न्हाई म्हून. तडा कुठल्या बाजूला व्हता?”

निदान तेव्हा तरी —

“मागच्या भिंतीला,” मी म्हणालो.

ते खुर्चीवरून उठले.

“बरं,” म्हणाले. “तुमी पेपरवालं. तुमची नजर लई लांबची, राव.”

चहा न घेताच गेले. पुढे बाजारात भेटले की नमस्कार मात्र करायचे. रविवारची उपासना कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर होत राहिली. चर्च पुन्हा बांधलं गेलं नाही.

काही वर्षांनी ते वारले. तेव्हा मी त्या वस्तीवर पहिल्यांदा गेलो. शवपेटी चर्चच्या उघड्या जोत्यावर ठेवली होती, भर उन्हात. तीन बाजूंना गवत. चौथ्या बाजूला भिंत उभी होती — मागची. वादळात तेवढीच वाचली, शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिली. गिलावा उडाला होता. तडा कुठेच नव्हता.

त्या दिवशी माझ्यासमोर ‘बरं’ म्हणताना शांतवनभाऊंना हे माहीत होतं.