चिकलठाण्याचा न फळणारा नारळ

साताऱ्याहून एसटीनं हाडं खिळखिळी करून औरंगाबादला उतरले, तर विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळे निम्मे रस्ते अडलेले. एक रिक्षावाला कसाबसा तयार झाला. कशासाठी आलात, म्हणाला. म्हटलं, एका झाडाचं नाव शोधायला.

"यहाँ नाम के वास्ते लोगां लाठ्या खा रे, और तुम झाड का नाम ढूंढने आए?" मला रागच आला.

माझा जुना विद्यार्थी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मॅनेजर. आवारातला नारळ धरत नाही म्हणून तो तोडणार होता. माळी सखाराम हातापाया पडला, तेव्हा शेवटचं म्हणून त्यानं वनस्पतिशास्त्राच्या बाईंना, म्हणजे मला, बोलावलं.

पोचले तर सखारामच्याच हातात कुऱ्हाड! खोडाला पातं टेकवून तो ओरडत होता, "औंदा तरी धरतो का नाय? तोडू?" आणि त्याची बायको गिरजाबाई खोडाला मिठी मारून म्हणत होती, "ऱ्हाऊ द्या, धरील. मी जामीन हाय." न फळणाऱ्या झाडाला असा दम देतात म्हणे. शिवाय बुडाला मीठ घातलेलं.

"बोटाएवढं रोप व्हतं, बाई. लई जीव लावला," सखाराम म्हणाला. "पर नारळ सुपारीएवढा झाला की पिवळा पडून गळतोय."

मी वर पाहिलं. पानं पिसांसारखी चहूबाजूंनी विस्कटलेली. नारळाची अशी नसतात. फळ चाखलं, गोड, चिकट, दातांत धागेच धागे. बाठ फोडताना दगड अंगठ्यावर बसला. पण बाठीला नारळासारखेच तीन डोळे होते!

"अरे, हा नारळ नव्हेच! त्याचा दक्षिण अमेरिकेतला भाऊबंद. याला फळ एवढंच येतं."

"म्हंजी त्येचा काई गुन्हाच नव्हता?" गिरजाबाईचे डोळे भरून आले. माझेही.

मग तिनं भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची आमटी) वाढलं. झणझणीत! तेवढ्यात मॅनेजर आला. माझं ऐकून तो वरमला आणि झाड राहील म्हणाला. पाटीसाठी मी 'सायाग्रस रोमांझोफियाना' लिहून दिलं.

"मराठीत काय लिहू, बाई?" मॅनेजरनं विचारलं.

"मराठीत नाव नाही."

"आमच्या भावकीची मेंढरं कुंपणापल्याड पडल्याली ही फळं मटामटा खात्यात," गिरजाबाई म्हणाली. "मेंढनारळ लिवा की."

आम्ही हसलो, पण पाटीवर तेच रंगवलं.

परतीच्या एसटीत अंगठा ठणकत होता, जीव मात्र गार झाला होता. वीस वर्षं मी मुलांकडून झाडांची नावं घोकून घेतली, तीही परीक्षेपुरती. चुकीच्या नावापायी दरसाल फळणारं झाडसुद्धा वांझ ठरतं, हे काही त्यांना कधी सांगितलं नाही. मला तरी कुठं ठाऊक होतं!