सामाईक विहीर आणि करंजाचे तेल

शके १८४८, वैशाख वद्य पंचमी. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. मी गेवराईच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होतो. रजेवर गावी आलो तरी वेळ टिपून ठेवण्याची सवय सुटत नसे. त्या वेळी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या अंगाला करंजाचे तेल चोळण्यास आरंभ केला.

तिला तान्हेपणापासून इसब होते. कोपरांच्या लवणीत आणि गुडघ्यांच्या मागे कातडी जाड होई, फुटे, पाझरे. गंधक लावून झाला, कडुनिंबाच्या पाल्याने शेकून झाले, वांगी वर्ज्य करून झाली. उन्हाळ्यात गावची मुले आमच्या मळ्यातील विहिरीत पोहत आणि ही काठावर बसून खाजवी. पाण्याने इसब चिघळते, असे घरात ठरले होते. ठरवणाऱ्यांत मीही होतो. त्या वर्षी बीडच्या एका वृद्ध हकिमाने ते खोडून काढले. पाणी वाईट नव्हे, पाण्यानंतर कोरडी पडणारी कातडी वाईट, असे त्याचे म्हणणे. उतरण्याआधी तेल, थोडाच वेळ पाणी, वर आल्यावर पुन्हा तेल. मुलीने हे शेजारी बसून ऐकले होते. त्या दिवसापासून ती रोज सकाळी मला विचारी, "आज पोहायचं का?"

विहीर निम्मी माझी, निम्मी माझ्या थोरल्या चुलतभावाची. एक दिवस त्याची मोट, एक दिवस आमची. पोहण्यासाठी मात्र पाळी कोणी पाहत नसे. त्या भरवशावर मी त्याच्या पाळीच्या दिवशी, त्याला न विचारता, तेलाने माखलेली मुलगी घेऊन पायऱ्या उतरलो. चूक माझी होती.

खालच्या पायरीवर तिने पाय पाण्यात सोडले. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला. आत पोहणारी मुले बाजूला सरकली.

वरून चुलतभावाचा, दादाचा, आवाज आला. "कावून उतरवतोस बे तिला? लागतं ते."

"इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. हकिमाने सांगितले आहे."

"मंग हकिमाच्या हिरीत ने की पवायला."

मुले हसली. मुलीने पाय वर घेतले.

"हेच पाणी मिरचीला जातंय, हेच घरी जातंय," दादा म्हणाला. "त्याच्यावर ह्यो तवंग. माणसानं प्यावं काय?"

मी वर पाहिले. चाकाखाली त्याची चामड्याची मोट लोंबत होती. कातडे मऊ राहावे म्हणून तिला आदल्या संध्याकाळी तेल पाजले होते. ती काळी चकाकत होती. पाणी भरायला आलेल्या वहिनी मोट रिकामी होते त्या थारोळ्याशी घागर धरून उभ्या होत्या. मी त्यांना विचारले, "वहिनी, दादांनी मोटेला कोणते तेल लावले?"

"करंजाचंच की, भाऊजी. दुसरं कुठलं असतंय?" त्यांनी घागर थारोळ्यात बुडवली. "तेल लावल्यावर दोन दिस पाण्याला वास येतो. आमी पितोच की."

"ते ढोराचं कातडं हाय," दादा म्हणाला.

"व्हय. मेलेल्या ढोराचं," वहिनी म्हणाल्या आणि घागर डोक्यावर घेऊन चालत्या झाल्या.

दादाने बैल मोटेच्या उतरत्या धावेवर घातले. एक मोट वर आली, रिकामी झाली. मग खाली न पाहता तो म्हणाला, "मोट सुटल्यावर उतरव. तवर लेकरं वर येतील. एकटीलाच."

मी ते मान्य केले. मुलीने मान्य केले की नाही, ते मी विचारले नाही. ती पायरीवर बसून राहिली.

साडेदहाला मोट सुटली. मुले वर गेली आणि काठावर रांगेने बसली. मी तिच्या पाठीला कोरडा भोपळा बांधला. सुंभ काचला असता, म्हणून जुन्या धोतराची पट्टी वापरली. मी छातीएवढ्या पाण्यात उभा राहून तिची हनुवटी धरली. तीन वेळा तिने पाणी गिळले आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. तीनही वेळा मी हात सोडवले. चौथ्या वेळी ती समोरच्या भिंतीला हात लावून परत आली. हसली नाही. "पुन्हा," म्हणाली.

काठावर दादाची धाकटी मुलगी बसली होती. तिने बापाला विचारले, "आबा, उतरू का मी?"

दादा आंब्याखाली भाकरी खात होता. त्याने घास संपवला, पाणी प्याला. "तिच्या भोपळ्याला धरू नको. बुडवशील तिला," म्हणाला.

ती उतरली. मग दुसरी मुले उतरली. माझ्या मुलीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि त्यांच्यामागे गेली.

पाव तास झाल्यावर मी तिला वर बोलावले. तिला यायचे नव्हते, ती आली. दोन घागरी स्वच्छ पाण्याने तिला धुतले, न चोळता टिपले, ओल्या अंगावरच तेल लावले. दादा बैलांना वैरण टाकत होता. "परवा बी आणशील काय?" त्याने विचारले. परवा पुन्हा त्याचीच पाळी होती. मी हो म्हटले. तो वैरण टाकत राहिला.

संध्याकाळी उजेडात नेऊन तिचे सांधे तपासले. उजव्या गुडघ्यामागे लाली होती. कातडी फुटलेली नव्हती. तिला अंगणात पाटावर बसवले आणि रात्री खाजवून कातडी फुटू नये म्हणून दिवेलागणीपूर्वी मी नराणीच्या पात्याने तिच्या दहाही बोटांची नखे काढली.