कम, गो!

पेणपासून रोह्यापर्यंत इंग्रजी भाषेची दुरुस्ती करून देणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू लागतो. हे मी अभिमानाने सांगतो की तक्रार म्हणून, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. बाकीचे लोक इंग्रजी शिकतात, बोलतात, फार तर विसरतात. आमच्या साडूभाऊंनी ती दुरुस्तीला घेतली आहे. त्यांच्या मते भाषा तशी वाईट नाही, व्याकरण बरं आहे, शब्दही भरपूर आहेत, पण बनवणारे घाईघाईत एक महत्त्वाची वस्तू घालायला विसरले. इंग्रजीत 'गो' नाही. म्हणजे जाण्याचा आहे, हाक मारण्याचा नाही. आमच्याकडे खाडीकाठी बाईमाणसाशी बोलताना वाक्याच्या शेपटाला 'गो' नसला, तर ते बोलणं नव्हे, पोलिसांची चौकशी समजतात. आई लेकीला 'जेव गो' म्हणते, सासू सुनेला 'बस गो' म्हणते, आणि भांडणात हा 'गो' इतका लांबतो की खाडीपलीकडच्या गावातली बाई हातातलं काम टाकून 'काय गो?' म्हणून विचारते. "ज्या भाषेत बाईला मायेनं हाक मारायची सोय नाय," साडूभाऊ म्हणतात, "त्या भाषेत ते लोक संसार तरी कसा करतात, मला कोडं हाय." मग त्यांनी ती सोय स्वतःच करून टाकली. 'कम, गो.' 'सिट, गो.' 'व्हेअर आर माय स्पेक्टॅकल्स, गो?' यातलं शेवटचं वाक्य रोज सकाळी अक्कासाठी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीसाठी असतं, आणि अक्का चुलीपुढून तितक्याच ठसक्यात ओरडते, "कपालावर हायेत बघा!"

ही दुरुस्त इंग्रजी ते घरात ठेवत नाहीत, गावभर वाटतात. एसटीत चढले की कंडक्टरला "वन गडब, काइंडली" म्हणतात. कंडक्टर तिकीट फाडता फाडता "सर, काइंडली सुट्टे द्या" म्हणतो आणि साडूभाऊ खूश होतात. सुट्टे मागितले म्हणून नव्हे, क्रियाविशेषण जागेवर आलं म्हणून. मासळीबाजारात त्यांनी एकदा बोंबलाच्या वाट्यापुढे वाकून "हाऊ फ्रेश इज धिस, गो?" असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. "सर, घ्यायचं तर घ्या," मासळीवाली म्हणाली, "पन माज्या म्हावऱ्यावर इंग्लिस मारू नका. नासल ते." साडूभाऊंनी बोंबील घेतले, आणि बाजाराबाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलंत? 'फ्रेश' शब्द समजला तिला. फक्त कबूल करत नाय."

त्यांनी उभी नोकरी पेणजवळच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढली. वर्गात पाऊल टाकल्यावर तोंडातून मराठीचा एक शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नेम होता. समोर बसलेली पोरं भातशेतीवाल्यांची, मिठागरातल्या कामगारांची. त्यांच्या तासाला वर्गात इतकी शांतता असायची, की हेडमास्तर ती इतर शिक्षकांना लांबून दाखवायला आणत. ती शिस्त नव्हती. त्या पोरांपैकी एकाने पुढे मला सांगितलं, "आमी इतकं घाबरायचो काका, की शिंक आली तरी ती मराठीत येईल म्हणून दाबायचो." सगळ्या वर्षांत वर्गातून त्यांना इंग्रजीत एकच प्रश्न आला आणि तो पुन्हा पुन्हा आला: "मे आय गो आऊट, सर?" साडूभाऊ तो प्रश्न धरतच नाहीत. "तो प्रश्न नाय, ती निसर्गाची हाक." निवृत्तीच्या समारंभात गळ्यातला हार सावरत, मांडीवरचा नारळ धरत ते माझ्या कानाशी आले. मला वाटलं, जेवणात बासुंदी आहे की श्रीखंड ते सांगतायत. म्हणाले, "सगळं मिळालं, साडूभाऊ. फक्त एक राहिलं. कुणाला तरी काहीतरी खरंच जाणून घ्यायचंय, आणि म्हणून त्यानं मला इंग्रजीत विचारलंय, असं कधी झालं नाय." मी हळहळलो, आणि मग बासुंदीचंही विचारून घेतलं.

त्यानंतर काही वर्षं साडूभाऊ पेणच्या रस्त्यांवर प्रश्नाविना हिंडले. आणि एका हिवाळ्यात त्यांचा मला रोह्याला फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कोणाचं काही बरंवाईट झालं. "रजा टाका! वर्ग मिळालाय. आणि साडूभाऊ, वर्गाला इंग्रजी येतं!"

प्रकार असा होता. शहरातल्या एका विद्यापीठात परदेशातली मुलं काही महिन्यांसाठी शिकायला येतात. त्यांचे सगळे विषय इंग्रजीतून असतात. त्यातला एक विषय खाडीकाठची शेती आणि माणसं असा होता, त्यासाठी मुलांना चार दिवस पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, आणायचं ठरलं, आणि इंग्रजीतून शिकवू शकेल असा स्थानिक माणूस हवा म्हणून कोणीतरी साडूभाऊंचं नाव पुढे केलं. साडूभाऊंनी परस्पर मला मदतनीस नेमलं. आता माझ्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं. मी रोह्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. माझं इंग्रजी म्हणजे 'रिसीव्हड', 'नॉट रिसीव्हड' आणि 'डॅमेज्ड'. एवढ्यावर माझी नोकरी उत्तम चालली आहे आणि खरं सांगायचं तर आयुष्याचंही यापलीकडे फारसं काही अडलेलं नाही. पण त्या दिवशी मी नवा शर्ट घालून पेणला पोचलो तो जणू मीच ऑक्सफर्डहून आलोय अशा चालीने.

वर्ग साडूभाऊंच्या पडवीत होता. सारवण ताजं, सतरंजी झटकलेली, फळा शाळेतून मागून आणलेला. गाडीतून मुलं उतरली. त्यांच्याबरोबर विद्यापीठाच्या समन्वयक बाई होत्या, पुण्याच्या, अनुस्वाराचाही उच्चार करणाऱ्या. सगळ्यांत पुढे डेन्मार्कची एक उंच मुलगी होती, तिचं नाव इंगा. नाव ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं. साडूभाऊ दारात उभे, दोन्ही हात पसरलेले, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. "कम, कम, गो!" इंगाने पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला. "कम, गो!" साडूभाऊ आणखी मायेने म्हणाले. ती बिचकत आत आली. "सिट, गो!" ती बसली आणि लगेच उठली. तेवढ्यात अक्का पोह्याचे पापड भाजून घेऊन आली. साडूभाऊंनी स्वतः ताट पुढे केलं. "ईट, गो!" इंगाने एक पापड उचलला, सगळ्यांकडे एकवार बघितलं, आणि पापड खात खात फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. मागोमाग बाकीच्या मुलीही एकेक पापड घेऊन बाहेर. सतरंजीवर फक्त दोन मुलगे उरले, कारण त्यांना कोणी 'गो' म्हटलंच नव्हतं.

मदतनीस म्हणून मी धावलो. इंगाने मला विचारलं, आणि ती फार सावकाश बोलत होती म्हणून मलाही कळलं, की सर आम्हाला बोलावतात आणि लगेच जा का म्हणतात? इथे मी गप्प राहिलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नवा शर्ट होता अंगात. मी म्हणालो, "नो, नो! गो, ओन्ली लेडीज. जेन्ट्स, नो गो. गो मीन्स लव्ह." तिच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून मी आणखी सोपं केलं. "सर लव्ह ऑल लेडीज. एव्हरी डे. फ्रॉम चाइल्डहुड."

समन्वयक बाई माझ्या पाठीमागेच उभ्या होत्या. पेणच्या कारखान्यात रंग द्यायचा राहिलेल्या गणपतीसारखा त्यांचा चेहरा पांढरा झाला. पुढची पाच मिनिटं मी मराठीतून जे समजावलं ते त्यांना समजलं, पण पटलं नाही. अत्यंत सभ्य शब्दांत त्या म्हणाल्या, "व्याख्यानं आमचे प्राध्यापकच देतील. सरांनी शेवटच्या दिवशी मुलांना खाडीचा बांध फक्त दाखवावा. बोलण्याची तसदी घेऊ नये." साडूभाऊ फळ्यापाशी खडू धरून उभे होते. फळ्यावर त्यांनी सुरेख अक्षरात 'वेलकम' लिहिलेलं होतं. ते पुसायला त्यांना डस्टर सापडेना.

मला वाटलं होतं, रागावतील. मेव्हणीच्या घरचं जेवण आपलं बंद झालं, अशी मी मनाची तयारीही केली होती. पण ते एवढंच म्हणाले, "तुमचं भाषांतर चूक नव्हतं हो. बरोबर होतं, म्हणून तर घात झाला." मग खडू खिशात टाकून, "बांधावर जायचंय ना अजून. एक प्रश्न आला तरी बास."

मुलींना परत आणण्याचं काम अक्कानं आधीच उरकलं होतं, इंग्रजीच्या भानगडीत न पडता. तिने फाटकाबाहेर जाऊन इंगाचं मनगट धरलं. "कुठं चाललीस गो? बस गो बाय, पापड तरी नीट खा! किती वाललीस गो!" असं म्हणत तिला ओढून आत आणून बसवलं. पुढचे दोन दिवस मुली आसपासच्या घरांत राहिल्या, आणि त्यांच्या कानांवर दुसरं काही पडलंच नाही. नळावर गो, उंबऱ्यावर गो, एक बाई दुसऱ्या बाईच्या उवा बघताना गो. बांधावर जायच्या सकाळी इंगा गाडीतून उतरली ती समन्वयक बाईंचा हात धरून, "कम, गो!" म्हणत. बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग आल्याच की हो मुकाट!

बांध साडूभाऊंच्या जन्मगावचा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात कापून झालेली शेतं, मध्ये चिखलमातीची उंच, अरुंद वाट. साडूभाऊ सगळ्यांच्या पुढे. बोलायचं नाही असं सांगितलेलं असल्यामुळे हात पाठीशी बांधून, ओठ घट्ट मिटून चाललेले. तोंडात वाक्यं अशी दाटलेली की गाल फुगलेले दिसत होते. काही दाखवायचं झालं की हनुवटीनं दाखवायचे. भरती चढत होती. मुलं फोटो काढत होती, चिखलातले खेकडे बघत होती, आणि मला दिसत होतं की बांध संपत आलाय. पलीकडे गाडी उभी होती. मी मनात पेणच्या गणपतीला नवस बोललो, की बाबा, या पोरांतल्या एकाच्या तरी डोक्यात काहीतरी येऊ दे.

इंगा थांबली. तिने खाडीच्या पाण्याकडे बघितलं, मग शेतांकडे. पाणी शेतांपेक्षा वर होतं. ते तिला त्या क्षणी दिसलं असावं. ती म्हणाली, "सर, इफ धिस ब्रेक्स, व्हेअर डू यू गो?"

सगळे उभे राहिले. समन्वयक बाईंनीही मान हलवून 'बोला' म्हटलं. मी साडूभाऊंकडे बघत होतो. आता येणार, मला वाटलं, तीन मजली वाक्य, त्यात उपवाक्यं, शेवटी 'काइंडली'. साडूभाऊंचं तोंड उघडलं. मिटलं. त्यांनी बांधाखालच्या एका उंचवट्याकडे बघितलं, तिथे एके काळी त्यांचं घर होतं, आता नुसते दोन माड होते. आणि मग, मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत ते हळूच म्हणाले, "कुठं जानार गो? हितंच रेलो. मी ल्हान व्हतो तवा फुटला. सगल्या शेतान खारं पानी. बा मिठागरान गेला कामाला. आय डोक्यावरनं चिखल वाह्यची, सगल्या बाया वाह्यच्या. घातला परत बांध. कुठं जानार?"

खाडीचं पाणी बांधाला लागून चुबुक चुबुक वाजत होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, भाषांतर करा म्हणून. मी आठवून बघितलं. रिसीव्हड, नॉट रिसीव्हड, डॅमेज्ड. मी मान हलवून नाही म्हटलं. जन्मात पहिल्यांदाच योग्य वेळी गप्प बसलो असेन. इंगा खाली वाकली आणि बांधावरच्या ओल्या मातीवर तिने पंजा टेकवून ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मुलांची गाडी गेल्यावर आम्ही पेणला यायला मिनीडोर रिक्षात बसलो. साडूभाऊ चपलांना लागलेला बांधाचा चिखल बघत बसले. मला वाटलं, इंग्रजीनं ऐन वेळी दगा दिला म्हणून खट्टू झाले असतील. समजूत घालावी म्हणून मी घसा खाकरला, तर तेच म्हणाले, "काय विचारलं हो तिनं? परत सांगा."

मी सांगितलं, माझ्या इंग्रजीत जमेल तसं.

"'इफ' म्हणाली ना?"

"म्हणाली."

"बघा," ते म्हणाले, आणि बाहेर बघायला लागले. थोड्या वेळाने परत, "कसं म्हणाली? पहिल्यापासून सांगा."

मी पुन्हा सांगितलं. इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून जरा मोठ्याने सांगितलं. ड्रायव्हरने आरशातून आमच्याकडे बघितलं. साडूभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला होता, आणि पेणचा स्टँड येईपर्यंत तो काही पुसून झाला नाही.