सतरा नंबरचा चोर

आता काय सांगू तुम्हाला, चोर पकडायला म्हणून मी आमच्या साहेबांना थेट कळसाडीच्या शेतात नेऊन उभं केलं होतं. चहा गार करू नका, पीत पीत ऐका.

तळोद्याला आमच्या शिक्षणसंस्थेचं ऑफिस आहे. तिथे मी तीन वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. एक दिवस साहेब म्हणाले, "सुनंदा, कर्मचाऱ्यांचं रजिस्टर आणि नेटवर्कवरची खाती जुळवून काढ. माणूस नाही आणि खातं आहे, असं राहायला नको. सोमवारच्या मीटिंगमध्ये तुला कायम करायचा विषय ठेवतोय. काम दाखवायला हवं."

कायम! हा शब्द ऐकायला माझे कान तीन वर्षं आसुसले होते. मी कंबर कसली.

रजिस्टरमध्ये माणसं, खात्यांवर नुसते नंबर. जुळवत गेले. एकेचाळीस नंबर रजिस्टरमध्ये कुणाचाच नव्हता आणि ते खातं कधी उघडलेलंही नव्हतं. टाकलं बंद करून.

मग आला सतरा. सतरा म्हणजे आप्पा, आमचे जुने हेडक्लार्क. मी आले त्याच आठवड्यात ते रिटायर झाले. आणि त्यांचं खातं रोज चालू! रोज दहाला उघडतं, दीडला थांबतं, दोनला परत सुरू.

मी धावत साहेबांकडे. "साहेब, जो कोणी आहे तो माझ्यावर पाळत ठेवतो. मी डबा खायला उठले की हा थांबतो. बुधवारी मी रजा काढून मोलगीला मावशीकडे गेले, तर त्या दिवशी हाही आला नाही."

"भलताच बेरकी दिसतो," साहेब म्हणाले.

बेरकी म्हणजे किती? शुक्रवारी त्याला पकडायला मी आठपर्यंत ऑफिसात बसले. तर तोही आठपर्यंत बसला.

शनिवारी आम्ही दोघं जीपने आप्पांच्या गावी, कळसाडीला. आप्पा बांधावर बसले होते. मी आवाज चढवून विचारलं, "आप्पा, तुमचं खातं कोण वापरतं?"

"माले काय माहीत, माय? मन्हा घरमा कॉम्प्युटर नही शे. कापूस शे, तो देखी ले."

तेवढ्यात त्यांचा म्हातारा बैल कपाशीत तोंड घालायला निघाला. आप्पा ओरडले, "ए तुफान! तुफान, मागे व्हय!"

तुफान? माझी बोटं आपोआप हलली. अहो, रोज सकाळी दहाला मी हेच तर टाइप करते. तुफान, एक, दोन, तीन.

आमच्याकडे रिटायर होणारा माणूस खुर्चीबरोबर सगळंच देऊन जातो. आप्पांनी मला कपाटाची चावी दिली, कपबशी दिली आणि पासवर्डची चिठ्ठी दिली. स्क्रीनवर सतरा नंबर आधीच भरलेला असायचा. मी तीन वर्षं नुसतं तुफान मारून कामाला लागत होते.

माझा चेहरा बघून आप्पांना समजलं. "अव, मंग तू मन्हाच नाववर काम करी ऱ्हायनी का?" म्हणून ते इतके हसले की तुफानने कपाशी खाऊन घेतली.

साहेब मात्र गंभीर. "मग तुझं स्वतःचं खातं कुठे आहे?"

मी हळूच विचारलं, "माझा नंबर काय होता, साहेब?"

"कंत्राटींची वही वेगळी. तुझा एकेचाळीस."

जीपमध्ये मी खाली मान घालून बसले. कायम होणं तर गेलंच, आता आहे ती खुर्चीही जाते, या भीतीने मला रडू येत होतं.

सोमवारी मीटिंग झाली आणि साहेबांनी पत्र हातात दिलं. मला कायम केलं होतं! खाली शिफारशीत त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "कामात चोख. गुन्हेगार सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही, मग ती स्वतःच का असेना."

ते पत्र घरी फ्रेम करून लावलंय. पाहुणे आले की वाचतात आणि विचारतात, "गुन्हेगार कोण होता?" मी चहा टाकायला आत जाते.