बाउदिलियो आणि धुक्यातले तीन ठोके

बाउदिलियोएवढा भित्रा माणूस आमच्या पठारावर दुसरा नाही. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही. गुत्त्यात त्याच्या शेजारी बसून, त्यानेच मागवलेली वाइन पीत बोलतो, आणि तो मान डोलावतो.

एकतीस वर्षं त्याने सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर लोक कोंबड्या पाळतात, याने शहरातले पाहुणे पाळले. सकाळी मोंतेआरच्या किल्ल्यापासून निघायचं, जुन्या गावांच्या वेशी, कमानी, पूल बघत पठार ओलांडायचं, आणि संध्याकाळी आमच्या वाल्देसाउकोत लसणीचं सूप प्यायला पोचायचं. दिवसभर हा आपला मोजतोय. पुलावर मोजतो, कमानीखाली मोजतो, कोणी झुडपाआड गेलं तर ते येईपर्यंत एका पायावर उभा. एकदा चार पाहुणे असताना याने पाच मोजले, स्वतःलाही धरून. पुढच्या वेशीत चारच भरले. पाचव्याला शोधत तासभर मागे पळाला!

पण हसू नका. त्याचा बाप मेंढपाळ होता. बाउदिलियो सहा वर्षांचा असताना नोव्हेंबरच्या धुक्यात मेंढ्या घरी आल्या, बाप आला नाही. तिसऱ्या दिवशी तो चुनखडीच्या जुन्या खाणीत तळाशी सापडला. आमच्याकडे धुक्यात कोणी चुकलं की हरवलेल्यांची घंटा वाजवतात: धाकट्या घंटेचे तीन ठोके, मग दहा आकडे मोजेपर्यंत शांतता, पुन्हा तीन. सारं गाव कुत्री आत घेतं, ट्रॅक्टर बंद करतं आणि कान देतं. त्या दिवशी घंटा वाजली नाही. दोर तुटला होता. तो बदलायचं काम माझ्या बापाचं होतं, घंटा वाजवणारा तोच. आता ते काम माझ्याकडे आहे, आणि दर वर्षी मी दोर नवा घालतो, जुना कितीही धड असो.

तर दोन वर्षांमागची गोष्ट. समुद्राकाठच्या दोघी बहिणी, थोरली विसेंता आणि धाकटी रोसेर, साठीच्या आसपासच्या, आणि एक नवरा-बायको, असे चार पाहुणे होते. सकाळी ऊन लख्ख होतं. दुपारी फुएन्तेल्मोंतेच्या चढावर सगळे धापा टाकत होते तेव्हा तिथल्या मनोऱ्यातून संथ घंटा वाजायला लागली. बाउदिलियोने हेल्मेट काढून छातीशी धरलं.

"कोणीतरी गेलं," तो म्हणाला. "पुरुष."

"पुरुष कशावरून?" रोसेरने विचारलं. तिला सगळ्याची चौकशी.

"तीन-तीन ठोके ऐकू येतात ना? बाई असेल तर दोन-दोन. या चढावर एक दिवस माझं काळीज बंद पडणार बघा. मग माझे तीन."

"आधी आम्हाला पोचवा," विसेंता म्हणाली, "मग खुशाल मरा."

सगळे हसले. मयताची थोरली घंटा वेगळी, हरवलेल्यांची धाकटी वेगळी, हे सांगायचं याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे ते पाळण्यातल्या पोरालाही कळतं. श्वास घेतो हे कोणी कोणाला सांगतं का?

तीनच्या सुमाराला पठारावर धुकं चढलं. आमचं धुकं वरून उतरत नाही, ओढ्यातून वर येतं, दूध उतू जावं तसं. बाउदिलियोच्या तोंडचं पाणी पळालं. "एकामागे एक चला, सायकलची घंटी वाजवत राहा, उजवीकडे खाण आहे!" असं ओरडत तो पुढे झाला. दगडी क्रूसापाशी थांबून मोजलं. तीन. पुन्हा मोजलं. तीनच.

रोसेरची साखळी निसटली होती. ती बसवायला ती थांबली, आणि मान वर केली तेव्हा वाटच नव्हती. मोबाइल थोरलीच्या पिशवीत.

बाउदिलियो अर्धा तास तिच्या नावाने हाका मारत राहिला. मग उरलेल्या तिघांना एकमेकांच्या सायकलची सीट धरायला लावून कसाबसा गावात घेऊन आला आणि मनोऱ्याच्या पायऱ्या चढून माझ्यापुढे उभा राहिला. चेहरा पिठासारखा.

"एलादियो काका, दोर ओढा. एक बाई राहिली."

"कुठे?"

"खाणीच्या अंगाला."

मी दोर ओढला. तीन ठोके, शांतता. तीन ठोके, शांतता. खाली गाव चिडीचूप. वेशीच्या दिव्याखाली माणसं उभी, पण पाऊल कोणी पुढे टाकेना. धुक्यात शोधायला जायचं नाही, घंटेने बोलवायचं, हा आमचा नियम. एका हरवलेल्याचे दोन होऊ नयेत म्हणून. चाळीस मिनिटं मी ओढत होतो. दर शांततेत बाउदिलियो खिडकीबाहेर वाकून ऐके आणि दर वेळी त्याचे खांदे आणखी खाली जात. उजेड संपत आला होता.

"ऐकत असेल ना ती? मग येत का नाही, काका? आपली हाक तिकडे पोचत नाही, की ऐकायला कोणी उरलंच नाही?"

माझ्या डोळ्यांपुढे एक तुटका दोर होता.

तेवढ्यात विसेंता धापा टाकत वर आली, भयंकर चिडलेली. "माझी बहीण तिकडे जिवंत अडकलीय आणि तुम्हाला मयताच्या घंटा सुचतात? असा कोण पुरुष मेलाय या गावात?"

बाउदिलियो खिडकीतून गर्रकन वळला. मग कपाळावर हात मारून घेतला.

"मी मेलोय! दुपारी मीच सांगितलं ना, तीन म्हणजे पुरुष! तिला वाटत असेल मीच गेलो. काका, सणाची वाजवा, मयताला ती कोणी वाजवत नाही!"

"नोव्हेंबरात? हा मृतांचा महिना, अरे. पाद्री मला—"

"वाजवा म्हणतो ना!"

जन्मात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. मग म्हणाला, "वाजवा, थांबा, ऐका. पुन्हा वाजवा." आणि पायऱ्या उतरून गेला. वेशीवरच्या माणसांनी दंड धरला, तो त्याने सोडवून घेतला. आमच्या पठारावरचा सगळ्यात भित्रा माणूस एक हात दगडी बांधावर ठेवून धुक्यात शिरला आणि चार पावलांत दिसेनासा झाला.

मी दोन्ही घंटांचे दोर धरले आणि असा गजर केला की म्हाताऱ्या दारात येऊन विचारायला लागल्या, लग्न कोणाचं? पण खरं सांगतो, दोर ओढायलाही मी भीत होतो. कारण त्या गजराने ती बाई उठून सरळ आवाजाच्या दिशेने चालू लागली, आणि मध्ये खाण असली, तर? आणि बापाच्या वाटेने मुलगा गेला, तर? मग याच हातांनी उद्या मला तीनही वाजवावे लागणार होते आणि दोनही.

थांबलो. ऐकलं. काही नाही. पुन्हा गजर, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा फार लांबून, पाण्याखालून यावं तसं, ट्रिंग ट्रिंग.

"तिचीच!" विसेंताने माझी बाही पकडली.

मग ती घंटीही थांबली. पुन्हा दोर ओढायचा मला धीर होईना. विसेंता तोंडात पदर धरावा तसा स्कार्फ धरून उभी. किती वेळ गेला सांगता येत नाही. आणि मग एक नाही, दोन घंट्या ऐकू आल्या. एक रोसेरची, दुसरी बाउदिलियोने सायकलवरून काढून खिशात नेलेली, टपालखात्याची जुनी पितळी. हळूहळू, बांधाच्या कडेने, गावाकडे.

झालं होतं ते असं. रोसेर सायकल ढकलत चालली होती. तीन ठोके ऐकले, माणूस आपल्यापायी गेला असं वाटलं, आणि ती तिथेच बसून त्याच्यासाठी प्रार्थना म्हणायला लागली. सणाचा गजर ऐकून गोंधळली आणि घंटी वाजवली. बाउदिलियो रांगत तिच्यापर्यंत पोचला.

"अहो, तुम्ही तर गेलात ना!" ती किंचाळली.

"अजून नाही, बाई. पण हलू नका, नाहीतर दोघं मिळून जाऊ."

तिच्या सायकलचं पुढचं चाक खाणीच्या काठापासून दोन वीत होतं.

त्या संध्याकाळी विसेंताने आधी बहिणीच्या एक थोबाडीत दिली, मग तिला मिठी मारली. बाउदिलियोच्या हातातला सुपाचा चमचा वाडग्यावर इतका वाजत होता की मी म्हटलं, "अरे, आता तू कशाला घंटा वाजवतोस?" पाद्रीने मला नंतर चांगलंच फैलावर घेतलं, ते असो. आता किल्ल्यापाशी हेल्मेट घालण्याआधी बाउदिलियो प्रत्येक पाहुण्याकडून दोन्ही घंटा शाळेतल्या पाढ्यासारख्या घोकून घेतो.

दुसऱ्या दिवशी धुकं निवळल्यावर आम्ही दोघं खाणीपाशी गेलो. ओल्या मातीत चाकाची रेघ उमटली होती, काठाकडे जाऊन मध्येच संपलेली. बाउदिलियोने माझा दंड घट्ट धरून खाली पाहिलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"काका," तो म्हणाला, "तेव्हा दोर धड असता तर?"

खोटं बोलता आलं असतं. पण ते त्याला चाललं नसतं, आणि मलाही.

"तर आला असता," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. सायकल उचलून वाटेकडे वळवली आणि, देवाशपथ सांगतो, निघण्याआधी आम्हा दोघांना मोजलं.