आमटीतला विळा

लोखंडे डॉक्टरांना नमस्कार करायचा म्हणजे डोळा सांभाळावा लागे. समोरचा माणूस हात जोडतोय तोवर यांचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली पोचलेला असायचा. खालची पापणी ओढायची, आतली लाली बघायची आणि मग म्हणायचं, "हं, आता बोला." तलाठी असो की सरपंच, कुणाची सुटका नव्हती. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावर चढणाऱ्या नवऱ्याच्या मुंडावळ्या बाजूला सारून पापणी तपासली आणि वरबापाला सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण पांढरा पडलाय." बायांना मात्र ते हात लावत नसत. "पोरी, तूच ओढ खाली," म्हणत आणि हातभर लांबून बघत.

त्यांचं खरं आडनाव सोनवणे. जामखेडच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या सरकारी दवाखान्यात ते नगरहून बदलून आले. खोकला घेऊन जा, गुडघा घेऊन जा, शेवटी ते लोखंडावरच यायचे. "अंगात लोखंड कमी आहे," हे त्यांचं पालुपद. महिन्याभरात गावाने त्यांचं बारसं करून टाकलं. बाहेरगावचे लोक त्यांना खरोखरचे लोखंडे समजून सोयरिकी विचारत. ते हसायचे आणि म्हणायचे, "तुमच्या गावाने सोन्याचं लोखंड केलं, पण भाव वाढवला माझा."

लोखंडावर त्यांचा जितका जीव, तितका जर्मनवर राग. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्याकडे दुसरा शब्दच नव्हता. त्या काळात घरोघर जर्मनची हौस आली होती. जुन्या काळ्या कढया, तपेली भांडेवालीला द्यायची आणि पांढरीशुभ्र, हलकी पातेली घ्यायची. घासायला सोपी, फडताळात मांडली की घर उजळायचं. डॉक्टर कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी चुलीकडे. "लढाईत जर्मन हरला म्हणतात," ते म्हणायचे, "पण तुमच्या चुलीवर तर तोच राज्य करतोय!"

यामागे त्यांचा एक हिशेब होता आणि तो ते आम्हाला साखर कारखान्याच्या भाषेत समजावत. रक्ताचा कारखाना हाडांच्या आत असतो. तिथे तांबड्या पेशी तयार होतात आणि त्यांना लागणारा ऊस म्हणजे लोखंड. काळी कढई गेली तेव्हा थोडा ऊस कमी झाला, हे एक. "दुसरं म्हणजे माझा नुसता संशय आहे," ते आवाज उतरवून सांगत. "हा जर्मन अंगात साचला, तर ऊस फाटकापर्यंत येऊनही गाळप होऊ देत नसावा. पुस्तकात मला सापडलेलं नाही. सिद्ध करा म्हणाल तर येणार नाही." पुढे कितीतरी वर्षांनी पुण्यात मी एका नातेवाइकाच्या उशाशी बसले असताना तिथल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंना हे सहज विचारलं. त्या चकितच झाल्या. म्हणाल्या, "ज्यांच्या किडन्या गेल्यात, त्यांच्या अंगात ॲल्युमिनियम साचलं की तसं होतं खरं. लोह असूनही वापरता येत नाही, पेशी बारीक राहतात. पण धडधाकट माणसाला चुलीवरच्या पातेल्याने एवढं होत नाही." म्हणजे आमचे डॉक्टर थोडे बरोबर होते आणि बरेच हट्टी होते. मला ते दोन्हीसाठी आवडतात.

मी तेव्हा घरात नवी सून होते. माझ्या रुखवतात वडिलांनी नगरहून जर्मनची भांडी आणली होती आणि माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, त्यांचा कोण अभिमान! आल्यागेल्याला आधी ती भांडी दाखवायच्या, मग सून. मला दिवस राहिले आणि मी कापसासारखी पांढरी पडत गेले. मडकं उचललं तरी धाप लागायची. आदल्याच वर्षी भावकीतली एक सून बाळंतपणात रक्त जाऊन दगावली होती; डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यामुळे घरात कुणी बोलत नसलं तरी भीती प्रत्येकाच्या मनात होती. मला तर अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी यांनी मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझी पापणी लांबूनच पाहिली आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. गोळ्या दिल्या आणि यांना बजावलं, "हिला लोखंड हवंय. बाळंतपणाआधी रक्त भरलं नाही तर मला काही करता येणार नाही." आमचे हे आईपुढे तोंड उघडायला लाजणारे. घरी येऊन एवढंच म्हणाले, "हिला लोखंड कमी हाय म्हनत्यात, द्या म्हनले," आणि शेताकडे पळाले.

आत्याबाईंना यात नवल वाटलं नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवायची रीतच होती; डॉक्टरला आत्ताच ठेवायचा असेल तर ठेवू. गोळ्या गरम पडतात म्हणून त्यांनी त्या शिंकाळ्यात टाकल्या आणि माझ्या उशाखाली विळा सरकवला. मी सुधारेना, तशी शेजारी कुऱ्हाड आली. मग पायथ्याला कोयता. मला कूस बदलायचीही चोरी झाली. बोलायची हिंमत नव्हती, कारण नवी सून.

एके दिवशी डॉक्टर स्वतःच बघायला आले. अंथरुणाभोवतीचं ते शस्त्रागार पाहून थबकले.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अवो डाक्टर, तुमीच म्हनला न्हवं का, सुनंला लोखंड कमी हाय? म्या इळा ठिवला, कुऱ्हाड ठिवली. आता काय नांगराचा फाळ आनू व्हय?"

मला वाटलं, आता डॉक्टर हसणार नाहीतर ओरडणार. ते शांतपणे खाली बसले. "लोखंड अगदी बरोबर आणलंत, मावशी. फक्त जागा चुकली. मला ते पोरीच्या पोटात हवंय."

"मंग गिळाया लावता का काय इळा?"

"गिळायचा नाही. मूठ काढून पातं लख्ख घासायचं आणि आमटीत उकळायचं. चिंच घाला, म्हणजे लोखंड उतरतं. त्या आमटीबरोबर शिंकाळ्यातली गोळी घ्यायची. एकटी ती गरम पडते, विळ्याबरोबर पडत नाही." मग फडताळाकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि आमटी मातीच्या गाडग्यात. जर्मन आणि लोखंड एका चुलीवर नांदत नाहीत."

"आन् ही भांडी? सोयऱ्यांनी हौसेनं दिलीती."

"त्यात शेंगा भरा, डाळी भरा. मिरवा खुशाल. आंबट तेवढं शिजवू नका."

आत्याबाईंचा मान राहिला, रीत राहिली, म्हणून गोळ्याही पोटात गेल्या. त्यांनी गावभर सांगितलं की एवढा शिकलेला डॉक्टर, पण विळ्याची रीत त्याने मानली. झालं! ज्या घरात पोटुशी सून, तिथे आमटीत विळा. गोळीला नको म्हणणाऱ्या म्हाताऱ्या विळ्यासाठी गोळी मागायला लागल्या. मी ती काळपट, किंचित गंजाच्या चवीची आमटी ओरपत राहिले आणि हळूहळू अंगात जीव आला. बाळंतपणात रक्त गेलं, पण मी तगले. लेक झाली. डॉक्टर ओसरीवर उपाशीच बसून होते. लेकीचं रडणं ऐकल्यावर त्यांनी चहा मागून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. एसटी स्टँडवर निम्मं गाव जमलं होतं, त्यात कडेवर पोरं घेतलेल्या सुना पुष्कळ. डॉक्टर सगळ्यांशी थट्टा करत होते, जर्मनला शिव्या देत होते. गाडी सुटायच्या बेताला आत्याबाई गर्दीतून वाट काढत खिडकीशी गेल्या. इतके दिवस त्यांनी या माणसाला समोरासमोर कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "औंदा आमच्या गावात येक बी सून गेली न्हाई."

 डॉक्टरांनी नुसते हात जोडले आणि गाडी नजरेआड होईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.