साडूचं विमान

साडू विमानाने जाणार हे कळल्यावर मी एसटीचं राखून ठेवलेलं तिकीट परत केलं आणि विमानाचं काढलं. एवढाच मूर्खपणा. पुढचं सगळं त्याच्या पोटी आलं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. माझी लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासर बेळगावचं, आणि बायको आठ दिवस आधीच माहेरी गेलेली. दिवाळसणाचा जावई म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिला पाट माझा, पहिलं उटणं मला, पहिलं ओवाळणं मला. आयुष्यात दुसऱ्या कशात पहिला आलो नव्हतो, त्यामुळे त्या पाटावर माझा फार जीव. तेवढ्यात गिरगावच्या खोलीवर बायकोचं पत्र आलं: भावोजी विमानाने येताहेत. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. विमानतळावर मोटार जाणार आहे. तुम्ही एसटीत पुढची जागा बघा, मागे फार आदळतं.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला दादरच्या हिंदू कॉलनीत, नोकरी गोऱ्या साहेबाच्या कंपनीत, पँटची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकते असा माणूस. त्याने माझा कधी अपमान केला नव्हता. तेच तर खुपायचं. केला असता तर उघड भांडता तरी आलं असतं.

दिवाळीचा बोनस विमानात घातला, शेजाऱ्याचा कोट अंगात घातला आणि चतुर्दशीच्या आदल्या सकाळी सांताक्रूझला जाऊन बसलो. साडू आला. मला बघून त्याचे डोळे जे मोठे झाले, तिथेच माझं तिकीट वसूल झालं.

"अहो साडू, तुम्ही? बोलला नाहीत!"

"त्यात काय बोलायचं," मी म्हणालो, जणू दर रविवारी उडत होतो.

तासाभराने खबर आली की बेळगाववर ढग उतरलेत. मोकळं झालं तर विमान जाईल. साडू उठला आणि खिडकीवरच्या माणसाला त्याने एकच विचारलं, "आज नक्की जाईल?"

"सांगता येत नाही."

त्याने बॅग उचलली. "चला साडू. बाराची एसटी गाठू. पहाटे पोचतो."

शहाण्याने उठायचं. पण माझ्या डोक्यात वेगळंच. हा गेला, म्हणजे विमानातून उतरणारा जावई मी एकटा. मोटार माझी. गल्ली माझी.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो. "एसटीचे धक्के मला सोसत नाहीत." वर दानशूरपणाही केला. "आणि हो, स्टँडावर विचारा. पुढची एक जागा मी परत केलीय."

"फार बरं झालं हो," तो अगदी मनापासून म्हणाला आणि गेला.

ढग माझ्यापेक्षा हट्टी निघाले. चार वाजता उड्डाण रद्द. धावतपळत स्टँड गाठला, तर दिवाळीची गर्दी. कंडक्टरने पुण्यापर्यंत उभं राहायच्या बोलीवर चढवून घेतलं. लालबागचा एक गिरणी कामगार कोल्हापूरकडे गावी निघाला होता. त्याने सरकून अर्धी जागा दिली.

"पाव्हणं, कोट झ्याक हाय. कुठनं आला?"

"विमानतळावरून."

"आनि विमान?"

"ऱ्हायलं."

त्याने हे मागच्या बाकाला सांगितलं, त्या बाकाने त्याच्या मागच्याला. खंडाळा येईपर्यंत सगळी गाडी माना वळवून मला बघून झाली होती. मला त्याचं काही नव्हतं. मी मनात हिशेब करत होतो, आता साडू साताऱ्याला असेल, आता कोल्हापुरात. त्याच्या गाडीचा टायर फुटावा म्हणून देवाला साकडंही घातलं. देवाने ऐकलं. टायर फुटला. कराडजवळ, आमच्या गाडीचा.

दुपारी सासरी पोचलो. साडू ओसरीवरच्या झोपाळ्यावर, अंगाला उटण्याचा वास, कपाळाला कुंकू, हातात चकली. पहिला पाट, पहिलं उटणं, ओवाळणं, सगळं झालेलं.

"उजाडायला लागलं, थांबता येईना हो," सासूबाई म्हणाल्या.

सासरे सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. "या," ते म्हणाले. "आधी जावई पोचतो की संयुक्त महाराष्ट्र, हेच बघत बसलो होतो."

साडू हसला नाही. उठून त्याने मला झोपाळ्यावर जागा दिली. हेही मला सोसलं नाही.

मग दुसऱ्यांदा चूल पेटवून माझ्यासाठी पाणी तापवलं. मागच्या न्हाणीघरात बायको डोक्याला तेल चोळू लागली. न राहवून मी विचारलं, "भावोजींनाही हेच तेल लावलंत का?"

"हेच," ती म्हणाली. "त्यांचं मुरलं. तुमचं नुसतं ओघळतंय. मुरायला आत काहीतरी असावं लागतं."